वजन उतरेपर्यंत डॉक्टरांकडे जाणं लांबवू नका

डॉक्टरताई, नमस्कार.

मी ३८ वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत कॅशियर म्हणून काम करते. उंची पाच फूट एक इंच, वजन ९४ किलो. लग्नात ६१ होतं. मुलगी झाल्यावर जे वाढायला लागलं ते थांबलंच नाही. सगळं करून झालं. रात्रीचं जेवण बंद केलं, भात सोडला, एका क्लबातली दुधात घालायची पावडर घेतली. पावडरीने चौदा किलो उतरलं. सगळ्यांनी कौतुक केलं. वर्षभरात सतरा किलो परत आलं, तेव्हा कुणीच काही बोललं नाही, फक्त बघायचे.

दोन वर्षांपूर्वी गुडघा दुखतो म्हणून दवाखान्यात गेले. बीपी घेताना पट्टा दोनदा सुटला. नर्सबाई हसल्या. तिसऱ्यांदा त्यांनी हाताने दाबून धरला आणि १६४ आलं. डॉक्टर म्हणाले, "एवढं खाल्ल्यावर दुसरं काय होणार? आधी वीस किलो कमी करा, मग गुडघ्याचं बघू." गुडघ्याला हातही लावला नाही. त्यानंतर मी कुठल्याच डॉक्टरकडे गेले नाही. (पाळीही हल्ली लांबते. गेल्या वेळी अठरा दिवस अंगावर जात होतं. पण तेही वजनामुळेच असणार.) घोरण्यामुळे नवरा बाहेरच्या खोलीत झोपतो आणि दुपारी नोटा मोजता मोजता मला डुलकी लागते, म्हणून ऑफिसात 'आळशी' हे नाव पडलंय.

माझ्या जाऊबाई माझ्याच घरातलं, माझ्याच हातचं खातात. त्यांचं वजन ५२ किलो. त्यांना डायबेटिस आहे आणि मला दोन वर्षांपूर्वीपर्यंत तरी नव्हता. हे कसं, ते मला कळत नाही. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला शाळेच्या बसमध्ये 'ढोली' म्हणतात. सासूबाई तिच्या ताटातलं तूप काढून घेतात, पाहुण्यांसमोर "आईवर गेलीय" म्हणतात आणि मान काळी पडलीय म्हणून रोज बेसन लावून घासतात.

यात माझी चूक किती, ते खरं खरं सांगा. आणि मुंबईहून भावाने त्या नव्या इंजेक्शनची माहिती पाठवली आहे. ते घेऊ का?

— एक वाचक

*

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलं आहे. अठरा दिवस अंगावर जात होतं. चूक कुणाची, इंजेक्शन घ्यायचं की नाही, हे सगळं आपण बोलूच. पण त्याआधी याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. वजन आहे तेवढंच घेऊन जा.

कारण सांगते. चरबी म्हणजे अंगावर साठलेला निर्जीव थर नव्हे. ती हार्मोन तयार करते, त्यातलं एक इस्ट्रोजेन. या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचं अस्तर वाढतं. दर महिन्याला बीज नीट तयार झालं की प्रोजेस्टेरॉन येतं, अस्तराची वाढ थांबते आणि पाळी येऊन ते निघून जातं. वजन जास्त असताना बीज तयार होणं वारंवार चुकू शकतं. मग अस्तर नुसतं जाड होत राहतं आणि कधीही, कितीही दिवस जायला लागतं. बहुतेक बायकांमध्ये तपासणीत साधं कारण सापडतं: अस्तर जाड झालेलं असतं, गाठ असते, थायरॉइड बिघडलेलं असतं. पण काहींच्या अस्तरात कर्करोगाकडे जाणारे बदल सुरू झालेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये लठ्ठपणाशी जोडलेल्या तेरा कर्करोगांची यादी काढली. त्यात ज्यांचं नातं सगळ्यात घट्ट आहे, त्यांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग येतो. वेळेत कळला तर तो पूर्ण बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते. कर्करोगाच्या अलीकडचे बदल असतील तर अनेकदा गोळ्यांवर किंवा गर्भाशयात बसवायच्या हार्मोनच्या साधनावर भागतं.

तुमची सोनोग्राफी होईल, हिमोग्लोबिन बघतील आणि गरज वाटली तर अस्तराचा छोटा तुकडा तपासायला पाठवतील. तुकडा पाठवू म्हणाले तर घाबरून परत येऊ नका. आणि काहीही न तपासता कुणी थेट "पिशवी काढून टाका" म्हणालं, तर उठा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

"तेही वजनामुळेच असणार" असं तुम्ही लिहिलंत. तो दवाखाना तुम्हाला हेच शिकवून गेला, असं मला वाटतं. तिथे जे काही दुखलं त्याचं उत्तर 'वजन' हेच मिळालं, मग तुम्ही स्वतःच स्वतःला तेच उत्तर द्यायला लागलात. वजनामुळे असेलही. पण म्हणून तपासायचं नाही, हे कुठल्या वैद्यकशास्त्रात बसतं? वजनामुळे होणारे आजार तर जास्त काळजीने शोधायला हवेत.

आता त्या पट्ट्याबद्दल. मला त्याचा मनापासून राग आला आहे. बीपीच्या पट्ट्यात एक रबरी पिशवी असते. तिने दंडाचा साधारण ऐंशी टक्के घेर वेढला पाहिजे. नेहमीचा पट्टा सुमारे ३४ सेंटिमीटरपर्यंतच्या दंडासाठी असतो. ३५ ते ४४ सेंटिमीटरला मोठा पट्टा मिळतो, त्याच्या पुढे आणखी मोठा. अरुंद पट्टा जाड दंडावर आवळला की रक्तवाहिनी दाबायला जास्त हवा भरावी लागते आणि आकडा खोटा, वाढीव येतो. किती वाढीव? अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १९५ माणसांवर हे मोजून पाहिलं आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध केलं. ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा लागायला हवा होता, त्यांना नेहमीचा पट्टा लावल्यावर वरचा आकडा सरासरी १९.५ ने जास्त आला. ज्यांना एकच माप मोठा लागत होता, त्यांच्यात जवळजवळ पाचने. म्हणजे तुमचे १६४ खरे किती होते, हे आज कुणीच सांगू शकणार नाही. बीपी खरंच वाढलेलं असू शकतं, म्हणून ते मोजायलाच हवं. पण सुटणारा पट्टा हाताने दाबून धरून आलेल्या आकड्यावरून कुणी तुम्हाला तुमच्या जेवणावर भाषण देऊ नये.

घरी शिवणकामाची टेप असेल. खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये दंडाचा घेर मोजा आणि आकडा लिहून ठेवा. दवाखान्यात बसल्या बसल्या सांगा, "माझा दंड अमुक सेंटिमीटर आहे, मोठा पट्टा लावाल का?" नसेल तर दुसरीकडे मोजून घ्या. वजनकाटा बाहेर सगळ्यांसमोर ठेवलेला असेल आणि आकडा मोठ्याने पुकारत असतील, तर "आत घ्या" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पट्टे, खुर्च्या, तपासणीचं टेबल मापाचं नसणं ही दवाखान्याची उणीव आहे. तिच्यापायी पेशंटने ओशाळून उठावं, हे मला अजिबात मान्य नाही.

तुमच्या डुलकीचंही तसंच. घोरणं, सकाळी उठल्यावर ताजंतवानं न वाटणं, बसल्या जागी डोळा लागणं ही झोपेत श्वास अडकण्याची लक्षणं आहेत. मानेभोवती आणि जिभेत चरबी वाढली की झोपेत घशाची वाट बंद होते, श्वास थांबतो, मेंदू दचकून जागा होतो आणि पुन्हा झोपतो. रात्रभर हे चालतं आणि तुम्हाला त्याची आठवणही राहत नाही. नवऱ्याला एक रात्र जागून ऐकायला सांगा: घोरणं मध्येच एकदम थांबतं का, मग दम घुसमटल्यासारखा आवाज होऊन पुन्हा सुरू होतं का? सांगली-मिरजेकडे छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे झोपेच्या तपासणीबद्दल विचारा, काही ठिकाणी ती घरच्या घरी यंत्र लावूनही करता येते. यावर सीपॅप नावाचं मास्कचं यंत्र असतं. ते लावून काही रात्रींतच दिवसाची गुंगी उतरलेली माणसं आहेत. या श्वास अडकण्याने बीपीही वाढतं. ऑफिसातल्यांना आळस दिसतो. मला त्यात रात्री ऑक्सिजन कमी पडणारी बाई दिसते.

गुडघ्याचंही थोडक्यात सांगते. तो हाताने तपासायला हवा होता. लंगडी चाल, सूज, आतला सैल झालेला बंध (लिगामेंट), मांडीचे अशक्त स्नायू, हे बघितल्याशिवाय कळत नाही. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, हे मोजून सिद्ध झालेलं आहे. त्यामुळे वीस किलोंची वाट बघायची गरज नाही, पाच किलोही गुडघ्याला कळतात. मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम मात्र आजपासून, आहे त्या वजनात, फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेता येतील.

आता तुमचा खरा प्रश्न. चूक किती?

अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी डेन्मार्कमध्ये ५४० दत्तक मुलांचा अभ्यास केला, १९८६ साली तो प्रसिद्ध झाला. ही मुलं मोठी झाल्यावर त्यांचं वजन कुणासारखं निघालं? जन्म देणाऱ्या आईबापांसारखं. ज्यांच्या ताटात ती जेवून मोठी झाली, त्या दत्तक आईबापांच्या वजनाशी त्याचा काही संबंध लागला नाही. घर, ताट, सवयी यांना अर्थ नाही असं मी म्हणत नाही. गेल्या काही दशकांत सगळ्या जगाचं वजन वाढलं, ते काही रक्त बदलल्यामुळे नव्हे. अमेरिकेतल्या केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये वीस माणसांना संशोधन केंद्रात ठेवून दोन आठवडे पाकीटबंद, कारखान्यात बनलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं. दोन्हींत साखर, मीठ, चरबी, चोथा सारखा ठेवला होता, हवं तितकं खा म्हणून सांगितलं होतं. पाकिटातलं देत होते तेव्हा माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. तेव्हा बाजारात काय मिळतं, काय स्वस्त आहे, याचा वाटा मोठा आहे. पण त्याच बाजारात, त्याच घरात एकीचं वजन वाढतं आणि दुसरीचं नाही, हा फरक बराचसा जन्मजात असतो.

आणि ते सतरा किलो. तुम्ही ते अपयश म्हणून लिहिलेत, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. मेलबर्नमध्ये पन्नास जणांना दहा आठवडे अतिशय कमी कॅलरीचा आहार दिला. त्यांचं वजन सरासरी साडेतेरा किलो उतरलं, म्हणजे जवळजवळ तुमच्याइतकंच. मग त्यांच्या रक्तातली भुकेची हार्मोनं पुनःपुन्हा मोजली. भूक वाढवणारं घ्रेलिन वाढलं होतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन खाली गेलं होतं, आणि वर्ष उलटल्यावरही ती मूळ पातळीवर आली नव्हती. ती माणसं वर्षभरानंतरही आधीपेक्षा जास्त भुकेली होती. हे २०११ मध्ये छापून आलं. पाच वर्षांनी हॉल यांनीच अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतले चौदा स्पर्धक सहा वर्षांनंतर पुन्हा तपासले. बहुतेकांचं बरंच वजन परत आलं होतं आणि त्यांचं शरीर बसल्या जागी अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. दुष्काळ पाहिलेलं घर धान्य जसं जपून वापरतं, तसं उपाशी ठेवलेलं शरीर वागतं. पावडर थांबली आणि तुमच्या शरीराने हेच केलं.

म्हणून माझं उत्तर असं आहे: वजन वाढण्यात तुमची चूक नाही, आणि उतरलेलं परत आलं यातही नाही. आजार असेल तर उपचार करून घेणं मात्र तुमच्या हातात आहे, आणि ते तुम्ही लाजेपोटी दोन वर्षं थांबवलं आहे. तिथे मी तुमच्या मागे लागणार.

जाऊबाईंचं कोडं पुण्यात सुटलं, असं म्हणायला हरकत नाही. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा विषय आयुष्यभर लावून धरला. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचाच एक फोटो छापला. दोघे शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं, की आपली बाळं जन्मतः साधारण २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या बाळांहून बरीच हलकी. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण चरबी मात्र जवळजवळ तेवढीच राखलेली. बारीक दिसणारं शरीर आतून चरबीचं. ही चरबी पोटात, यकृतात साठली की इन्सुलिनचं काम अडतं. म्हणूनच भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा ३० ऐवजी बीएमआय २५ वर ओढली आहे, आणि कमरेच्या घेराची मर्यादा बायकांसाठी ८० सेंटिमीटर, पुरुषांसाठी ९० ठरवली आहे. जाऊबाईंचा काटा ५२ दाखवतो म्हणून त्यांना कुणी कधी टोकलं नसेल. त्यांची साखर बहुतेक योगायोगानेच सापडली असेल. काट्याकडे बघून बाईचा निवाडा केला की दोघींचंही नुकसान होतं, एकीला विनाकारण बोल लागतो आणि दुसरीचा आजार उशिरा कळतो.

जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट'नेच नेमलेल्या जगभरच्या तज्ज्ञांच्या आयोगाने हेच वेगळ्या प्रकारे मांडलं. नुसता बीएमआय पुरेसा नाही, कमरेचा घेर किंवा प्रत्यक्ष चरबी मोजा. मग बघा की चरबीमुळे एखाद्या अवयवाचं काम बिघडलं आहे का, रोजचं जगणं अडलं आहे का. बिघडलं असेल तर तो आजार, त्याला तसेच उपचार हवेत. नसेल तर नजर ठेवा, जपा. तुमच्या बाबतीत श्वास, गुडघा आणि पाळी, तिन्हींची तपासणी व्हायला हवी. माझ्या अंदाजाने तुम्ही पहिल्या गटात मोडता, आणि हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तुम्ही 'इच्छाशक्ती नसलेल्या' नसून उपचार न मिळालेल्या पेशंट आहात, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगते.

"बोलल्याशिवाय कळत नाही, टोचून बोललं की माणूस सुधारतो," असं आपल्याकडे हळदीकुंकवापासून ओपीडीपर्यंत सगळे मानतात. यावर मोजमाप झालेलं आहे. अमेरिकेत सहा हजारांहून जास्त प्रौढांचा चार वर्षं पाठपुरावा केला. वजनावरून ज्यांना वाईट वागणूक मिळाली होती, ते सुरुवातीला लठ्ठ नसतील तर पुढे लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीच पट निघाली. ठाम नियम म्हणून हे कुणा एकाला लावता येणार नाही, पण टोमण्याने वजन उतरत नाही एवढं पक्कं आहे. अपमान झालेला माणूस फिरायला जायला लाजतो, चारचौघांत जेवत नाही आणि एकटा असताना खातो, आणि दवाखाना टाळतो. तुम्ही टाळलातच. २०२० मध्ये लठ्ठपणावर काम करणाऱ्या अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन जाहीर केलं, की वजनावरून होणारी अवहेलना आरोग्याला घातक आहे आणि डॉक्टरांनी ती आपल्या दवाखान्यातून आधी काढली पाहिजे. माझ्या व्यवसायबंधूंनी ते निवेदन भिंतीवर लावावं, अशी माझी इच्छा आहे.

आता इंजेक्शन. भावाने पाठवलेली माहिती बहुधा सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइडची असणार. वजनासाठी म्हणून ती २०२५ पासून भारतात मिळतात. आठवड्यातून एकदा पोटाच्या कातडीखाली घ्यायची. ही पोटातून मेंदूकडे जाणाऱ्या 'पुरे झालं' या निरोपाची नक्कल करतात. ही जाहिरातबाजी नाही, चाचण्या मोठ्या आणि नीट झालेल्या आहेत. २०२१ च्या चाचणीत १९६१ जणांनी ६८ आठवडे सेमाग्लुटाइड किंवा औषध नसलेलं खोटं इंजेक्शन घेतलं. दोन्ही गटांना आहार-व्यायामाचं मार्गदर्शन सारखंच होतं. खऱ्या औषधाने वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, खोट्याने २.४ टक्के. या एका आकड्यातच तुमच्या 'चूक किती'चं निम्मं उत्तर आहे. भुकेचा निरोप बदलला की त्याच माणसांचं वजन उतरतं, मग इतकी वर्षं तो दोष स्वभावाचा कसा म्हणायचा? पुढे १७,६०४ हृदयरुग्णांवर झालेल्या चाचणीत हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून वीस टक्क्यांनी कमी झाले. गुडघ्याची झीज असलेल्यांचं दुखणं सेमाग्लुटाइडने लक्षणीय कमी झालं, आणि टिर्झेपटाइडने झोपेत श्वास अडकणं कमी झालं. या दोन्ही चाचण्या २०२४ मध्ये आल्या. तुमच्या दोन्ही तक्रारी त्यात आहेत.

पण घाई करू नका. औषध बंद केलं की वर्षभरात उतरलेल्याच्या सुमारे दोनतृतीयांश वजन परत येतं, असं सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्याच चाचणीच्या पुढच्या टप्प्यात दिसलं. बीपीच्या गोळीसारखं ते चालू ठेवायचं औषध आहे. म्हणून आधी घरात खर्चाचा हिशेब मांडा: दोन महिने घेऊन पैसे संपले म्हणून थांबायचं असेल तर त्यात अर्थ नाही. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता बऱ्याच जणांना होते. पित्ताशयात खडे होऊ शकतात, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल तर ही औषधं घ्यायची नाहीत. दिवस राहायची शक्यता असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. वजनाबरोबर स्नायूही जातात, त्यामुळे डाळी, अंडी, दूध, मासे यांतून प्रथिनं आणि वजन उचलण्याचा व्यायाम त्याच्या जोडीला हवाच. आणि पाळीचं निदान झाल्याशिवाय यातलं काही सुरू करायचं नाही. एंडोक्रिनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर, किंवा चांगले फिजिशियन यांच्या चिठ्ठीवरच घ्या. भाऊ 'ओळखीतून स्वस्तात' आणून देत असेल तर नको म्हणा.

तुमचा बीएमआय ३९ च्या आसपास येतो. त्या आकड्याला आणि तुमच्या तक्रारींना धरून वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेचा पर्यायही डॉक्टर समोर ठेवतील. ऐकूनच अंगावर काटा आला असेल, पण स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या माणसांचा पाठपुरावा चालू आहे आणि शस्त्रक्रिया झालेले जास्त जगले, हे त्यात दिसून आलं. निर्णय तुमचाच, फक्त तो भीतीवर न घेता माहितीवर घ्या.

आणि पावडर पुन्हा नको. त्याच्यापेक्षा तुमच्या घरातली ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ, ताक किती तरी बरं. रात्रीचं जेवण तोडू नका, लवकर जेवा. घरात बिस्किटांचे पुडे आणि फरसाण येतं का ते बघा, आणि येत असेल तर सगळ्यांसाठीच कमी करा, फक्त तुमच्या आणि मुलीच्या ताटापुरतं नको. जाऊबाईंनाही त्याची गरज आहेच. त्या साखरेच्या तपासणीला नियमित जात असतील, तर पहिल्या वेळी त्यांनाच सोबत न्या. आपल्या माणसासमोर डॉक्टर जरा जपून बोलतात.

मुलीबद्दल मी सासूबाईंना उद्देशून लिहिते, त्यांना वाचून दाखवा. आजी, तुमचं नातीवर प्रेम आहे, म्हणूनच तुम्ही तिची मान घासता. पण तो मळ नाही. मानेवर, काखेत मखमलीसारखा काळपट जाडसर पट्टा येतो, तो रक्तात इन्सुलिन वाढल्याची खूण असतो. बेसनाने जाणार नाही, कातडी मात्र सोलेल. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने शाळकरी मुलांचा पंधरा वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा दिसलं की वजनावरून ज्यांना चिडवलं गेलं, त्यांच्यात पुढे लठ्ठपणा जास्त होता. मुलींच्या बाबतीत घरच्यांच्या चिडवण्याचाही यात वाटा होता. तिच्या ताटातलं तूप काढून घेण्याऐवजी पोळीवर चमचाभर तूप सगळ्यांनाच सारखं वाढा. "आईवर गेलीय" हे वाक्य पाहुण्यांसमोर बोलायचं बंद करा, कारण ते एकाच वेळी दोघींना लागतं.

आणि ताई, बसमधलं तुम्ही शाळेत जाऊन सांगा, तिच्या वर्गशिक्षिकांना, तिच्या नकळत. अकराव्या वर्षी मुलींची उंची झपाट्याने वाढणार असते, पाळी यायची असते. या वयात तिला डाएटवर टाकायचं नसतं, तर खेळायला मोकळं सोडायचं असतं. तिला बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि डॉक्टरांना मान दाखवा. ते तिची उंची-वजन वाढीच्या तक्त्यावर मांडतील, बीपी तिच्या मापाच्या पट्ट्याने घेतील, उपाशीपोटी साखर आणि यकृताची तपासणी सांगतील. आकडे तिच्यासमोर मोठ्याने वाचू नका म्हणून आधी फोन करून सांगून ठेवा; बहुतेक डॉक्टर ऐकतात. तुमची सोनोग्राफी आणि तिची तपासणी एकाच दिवशी ठेवू नका. तिला तिचा वेगळा दिवस द्या. रिपोर्ट आले की मला लिहा.